बेटावरच्या सात काड्या

पंचफुलाच्या हातालाच मुळं फुटतात, असं वाशीमजवळच्या मालेगावात लोक थट्टेनं म्हणत. तिनं खोचलेली काडी वाळली असं सहसा झालं नव्हतं. जास्वंद, डाळिंब, नाही तर कुणाच्या अंगणातला मोगरा. लोक काडी घेऊन यायचे आणि दोन महिन्यांनी रोप घेऊन जायचे. हे तिला माहेरातून मिळालेलं. कामरगावला तिचे वडील संत्र्याची कलमं बांधायचे आणि ही फ्रॉकमधली पोर ओल्या गोणपाटाचे तुकडे घेऊन त्यांच्या मागे फिरायची. लग्न होऊन ती मालेगावला आली, मारोतरावांच्या सव्वा एकर भाजीच्या मळ्यात. मग तीस वर्षं वांगी, मेथी, पालक, आणि आठवडी बाजार.

भित्री ती कधीच नव्हती. मळ्यात साप निघाला की मारोतराव आधी बांधावर चढायचे आणि काठी पंचफुला आणायची. तिची भीती सुरू झाली ती लेकीपासून. एकुलती एक रुचिका नाशिककडे वाईन करणाऱ्या एका कंपनीत लागली होती. कंपनीनं तिला सहा महिने काम शिकायला पाठवलं ते थेट तेनेरीफ नावाच्या बेटावर. स्पेनच्या मालकीचं, पण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, समुद्रात एकटं उभं असलेलं. आणि त्याच्या मधोमध ज्वालामुखी.

"माय, तो झोपलेला हाये," रुचिका फोनवर हसून म्हणायची.

"झोपलेलं उठतेच ना कवातरी," पंचफुला म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तिच्या हातात मेथीची जुडी तशीच राहायची.

जानेवारीअखेर लेक सुखरूप परत आली तेव्हा पंचफुलाला वाटलं, संपलं सगळं. खरं तर तेव्हाच सुरू झालं.

मारोतराव बाजारात गेलेले पाहून रुचिकानं दार लोटलं आणि बॅगेतून स्वेटरमध्ये गुंडाळलेली बाटली काढली. लाल वाईन. या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. पंचफुलानं आधी खिडकी लावून घेतली.

"आंदी वास घे फक्त," रुचिका म्हणाली.

स्टीलच्या पेल्यात तळाशी घोटभर. पंचफुलानं पेला नाकाजवळ नेला, डोळे मिटले. "जांभूळ," ती म्हणाली. "मिरं. आन् चुलीतली राख. थंडी झालेली राख."

रुचिका बघतच राहिली. "माय, तथल्या लोकायले हेच सांगाले अर्धा तास लागते."

मग ओठांना लावून पंचफुलानं जीभ ओली केली, तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा एकदा ओली केली. रुचिकानं मोबाईलवर फोटो दाखवले. द्राक्षाच्या वेली जमिनीलगत आडव्या धावलेल्या, आणि एकमेकींत गुंफून त्यांच्या लांबच लांब वेण्या घातलेल्या. पोरीच्या डोक्यावर घालतात तशा. लिस्तान नेग्रो त्या द्राक्षाचं नाव. काळं द्राक्ष, राखेच्या मातीत वाढलेलं, शेकडो वर्षं त्याच बेटांवर राहून तिथलंच झालेलं.

"बाकी जगात दीडशे वर्षांआंदी एक कीड पसरली," रुचिकानं सांगितलं. "फायलोक्सेरा. उवेपक्षा बारीक. मुळाले लागते. युरोपातल्या बागाच्या बागा खाल्ल्या तिनं. तवापासून लोक द्राक्षाचं कलम दुसऱ्या जातीच्या खुंटावर बांधतात. पण या बेटावर समुद्रानं ती येऊच देल्ली नाई. तथली वेल अजून आपल्याच मुळावर उभी हाये."

कलमवाल्याच्या लेकीला हे लगेच कळलं. "म्हंजे बाकी साऱ्या दुसऱ्याच्या पायावर उभ्या?"

"व्हय."

"आन् ती कीड लागली का काय होते?"

"मुळाले गाठी येतात. मंग वेल पिवळी पडते. मंग मरते. औषध नाई."

एवढं बोलून रुचिकानं जीन्सची घडी उलगडली. आत ओल्या वर्तमानपत्रात सात काड्या होत्या. पेन्सिलीएवढ्या, करड्या. छाटणीच्या दिवसांत बागेतल्या एका म्हातारीनं तिच्या हातात ठेवल्या होत्या, आठवण म्हणून. विमानतळावर कुणाला दाखवल्या नव्हत्या. परवानगीशिवाय बाहेरच्या देशातली काडी आणणं गुन्हा आहे, हे रुचिकाला पक्कं ठाऊक होतं, आणि आईला तिनं ते सांगितलंही. "कोणाले बोलू नको. बाबालेबी नाई. पण तुह्या हातानं त्या फुटतीन, माय. कोणाच्या दुसऱ्याच्या हातानं नाई."

या शेवटच्या बोलण्यानं पंचफुलाचा पाय घसरला. कुणी काही म्हणो, माणूस आपल्या हाताच्या कौतुकापुढे आंधळा होतो. मळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे चार वर्षं वांगी होती, तिथे तिनं काड्या खोचल्या. मारोतरावांना सांगितलं, नाशिकचं द्राक्ष आहे. सातपैकी पाच फुटल्या. उन्हाळ्यात तिनं त्यांना गोणपाटाची सावली केली, आणि पावसाळ्यात त्या छातीला लागल्या.

त्याच कोपऱ्याला लागून, उताराच्या बाजूला, उकंडरावांची द्राक्षबाग होती. दीड एकर. या भागात द्राक्ष कुणी लावत नाही. गावानं त्यांना वेड्यात काढलं होतं. पासष्टीतला माणूस, बायको गेलेली, पोरं पुण्यात. दिवसभर बागेत. एक एकर त्यांनी नाशिककडून तयार कलमं आणून लावली. राहिलेल्या अर्ध्या एकराची रोपं पंचफुलानं करून दिली होती. सहाशे काड्या, आपल्या मुळावर, खुंट नाही काही नाही. आणि दोन उन्हाळे तिच्या मळ्याची विहीर तळाला गेली तेव्हा उकंडरावांनी न मागता आपल्या बोरचा पाइप बांधावरून इकडे टाकला होता. "वयनी, पाणी का माह्यं हाये?" एवढंच म्हणाले होते.

ऑगस्टमध्ये रुचिकाचा फोन आला. आवाज बसलेला.

"माय, त्या बेटावर ती कीड निंघाली. पयल्यांदाच. साऱ्या इतिहासात पयल्यांदा. बागा उपटून राह्यले लोक."

पंचफुला शेवग्याखाली उभी होती. तिनं खालच्या कोपऱ्यातल्या वेलींकडे पाहिलं.

"आपल्या काड्यायत असन का?"

"नाई नाई. ती बाग दुसरीकडे हाये. आन् आपण जानेवारीत आणल्या. आता कुठं ते सापडून राह्यलं." मग तिनं विचारलं, "वेली कशा हायेत?"

"हिरव्यागार," पंचफुला म्हणाली, आणि ते खरं होतं.

त्यानंतर ती रोज सकाळी आधी त्या कोपऱ्यात जाऊ लागली. पानं उलटून बघायची. बोटानं पुसायची. दोन आठवडे काही नव्हतं. मग पहिल्या वेलीच्या खालच्या पानांच्या कडा फिकट झाल्या. पाण्यानं असेल, ती म्हणाली. मग दुसरी. मग पहिलीची वाढच थांबली, शेंडा बाळंतिणीसारखा मलूल.

सप्टेंबरातल्या एका सकाळी खुरपं घेऊन ती बसली आणि पहिल्या वेलीच्या बुडाशी हळूहळू माती सारली. एक बारीक मूळ बाहेर काढलं, लुगड्याला पुसलं. मुळावर मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक नाही, माळ ओवल्यासारख्या. तिनं दुसरं मूळ काढलं. तिथेही.

"काय उकरून राह्यल्या, वयनी?"

बांधावर उकंडराव उभे होते, हातात चहाची किटली. रोज याच बांधावरून ते बागेत जायचे. पंचफुलानं तळहातानं भराभर माती लोटली. "काई नाई. वाळवी पायतो."

ते हसले, आणि ओल्या बांधावरून चपला चिखलात बुडवत खाली गेले. ती त्यांच्या चपलांकडे बघत राहिली. प्रत्येक पावलाला मळ्याची माती चिकटत होती आणि बागेत जाऊन पडत होती.

पुढचे दिवस तिनं कसे काढले, तिचं तिला ठाऊक. बाजारात वांगी मोजताना आकडा विसरायची. अंगाला माती लागली की घासून घासून धुवायची, मारोतराव म्हणाले, "बाई, कातडं निंघन." रस्त्यानं जीप थांबली तरी तिला वाटायचं, आले रुचिकाला न्यायला. आणि नजरेसमोर दुसरंच सतत यायचं: उकंडरावांची ती अर्ध्या एकराची बाग, तिच्याच हातानं फुटवलेली, एकेक करून पिवळी पडत चाललेली, आणि म्हातारा मधोमध किटली घेऊन उभा.

उकंडराव बांधावरून येऊ नयेत म्हणून तिनं त्यांना सांगितलं, बांधावर मोठा साप आहे, रस्त्यानं फिरून या.

ते तिच्याकडे बघत राहिले. "तुमी सापाले कवापासून भेवाले लागल्या?"

ती वाफ्याकडे वळली. ते रस्त्यानं गेले. बांध तोडला, असंच त्यांना वाटलं असणार. शेजाऱ्यानं येणं-जाणं बंद करावं, दुसरं काय. त्या दिवसापासून त्यांनी हाक मारणं सोडलं.

मग तिनं मळ्याच्या खालच्या अंगाला चर खणायला घेतला, पावसाचं पाणी बागेत उतरू नये म्हणून. "कायले वं?" मारोतराव विचारत होते. "पाणी तुंबन ना आपल्यातच." ती खणत राहिली.

तिनं रुचिकाला फोन केला. गाठींचं सांगितलं.

"उपटून जाळून टाक," रुचिका म्हणाली. "आजच. आन् कोणाले काई बोलू नको, माय. माही नोकरी जाईन. केस होईन."

"आन् उकंडरावभाऊची बाग?"

"तथी गेलीच असन असं थोडीच हाये."

"आन् गेली असन तं?"

रुचिका रडायला लागली. पंचफुलाला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी थोबाडात द्यावीशी वाटली. दोन्हीही करता येण्यासारखं नव्हतं. तिनं फोन ठेवला. वेली उपटल्या नाहीत. उपटल्या की पुरावा जाणार, आणि पुरावा गेला की तिचं तोंडही कायमचं बंद होणार, हे तिला कळत होतं. पुरावा नसताना आपण खरं बोलू, याची तिला खात्री नव्हती.

तीन-चार दिवसांनी दुपारी आभाळ फाटलं. तासाभरात मळ्याचं तळं झालं. पंचफुला फावडं घेऊन धावली. चर काठोकाठ भरला होता. ती काठावर माती टाकायची, पाणी ती माती घेऊन जायचं. मग द्राक्षाच्या कोपऱ्याजवळ चराचा काठ फुटला. गढूळ, तांबूस-काळं पाणी हातभर रुंदीनं वेलींच्या बुडावरून उतरलं आणि उकंडरावांच्या बागेत, पहिल्या ओळीत, दुसऱ्या ओळीत, तिच्याच हातच्या वेलींच्या मुळांत शिरलं. ती त्या खिंडारात आडवी बसली. पाठीनं पाणी अडवायला. पाणी दोन्ही बाजूंनी जात राहिलं.

मारोतरावांनी तिला दंडाला धरून उठवलं. "पागल झाली का तू?"

मग तिनं सगळं सांगितलं. पावसातच. बाटली, जीन्सची घडी, काड्या, बेट, गाठी. मारोतराव ऐकत होते, चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं. ते चिडतील असं तिला वाटलं होतं. ते चिखलात उकिडवे बसले.

"उकंडरावले माईत हाये?"

"नाई."

"चाल मंग," ते उठले. "तसेच ओले जाऊ. कोरडे झालो तं जाणं होनार नाई."

उकंडराव बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. पंचफुलानं उभ्यानंच सांगितलं. तिचं संपल्यावर ते पावसात बाहेर गेले, तिच्या हातच्या पहिल्या ओळीशी गुडघ्यांवर बसले आणि नुसत्या बोटांनी माती उकरायला लागले. एक मूळ वर आलं. त्यांनी ते पावसाच्या पाण्यात धुतलं, डोळ्यांजवळ नेलं.

गाठी होत्या.

उकंडराव मूळ हातात धरून म्हणाले, "पोट्टीले वाचवाले तुमी इतके दिवस मले रस्त्यानं फिरवलं, वयनी?"

दुसऱ्या दिवशी मारोतराव स्वतः वाशीमला गेले आणि पिकांवरच्या किडींचे जाणकार असलेल्या सेवालाल राठोड साहेबांना घेऊन आले. राठोड शांत माणूस. त्यांनी आधी सगळ्यांच्या चपला काढायला लावल्या. भिंग काढलं. पाचही वेली पाहिल्या, मग उकंडरावांच्या तीन ओळी. मुळं बाटल्यांत भरली, पानं वेगळ्या पिशवीत. पंचफुला त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्यावर काहीच उमटत नव्हतं.

"इथं आधी काय होतं?" त्यांनी विचारलं.

"वांगं. चार वर्ष."

त्यांनी मान हलवली, उठले, वरच्या वाफ्यातलं एक जुनं वांग्याचं झाड धरून ओढलं. मुळावर गाठीच गाठी, तशाच.

"हे कधी पाह्यलं नाही काय, काकू?"

तिनं पाहिलं होतं. तीस वर्षं पाहत आली होती. वांगं उपटलं की मुळं अशीच असतात, म्हणून चुलीत टाकायची. पण लेकीच्या तोंडून कीड, गाठी, मरण हे शब्द ऐकल्यापासून तिच्या डोळ्यांना दुसरं काही दिसलंच नव्हतं.

"सूत्रकृमी असावेत," राठोड म्हणाले. "डोळ्याले न दिसणारे किडे. आपल्याच मातीतले. भाजीवर वाढतात, मंग बाजूच्याले लागतात. उकंडरावांच्या या ओळीत ते आधीपासून असतील. खुंटावरची वेल त्याले दाद देत नाही, आपल्या मुळावरची देते. आणि ही बेटावरची..." ते त्या पाच वेलींजवळ थांबले. "हिले तर आपल्याकडचा एकही शत्रू माहीत नाही." मग आवाज बदलला. "पण मी 'असावेत' म्हणालो. तपासणी होईपर्यंत खात्री नाही. आणि फायलोक्सेरा नसला तरी काडीतून रोग येतात, जे दोन-दोन वर्षं दिसत नाहीत. वाईन आणायची ना नुसती, कुणी काही म्हटलं नसतं. काड्या कायले आणल्या?"

त्या प्रश्नाला उत्तर द्यायला रुचिका स्वतः आली. तिसऱ्या दिवशी, रजा टाकून. तिनं आपल्या हातानं लिहून दिलं की काड्या मी आणल्या, आईला काही माहीत नव्हतं. पंचफुला मध्येच म्हणाली, "मले माईत होतं." राठोडांनी दोघींकडे पाहिलं आणि म्हणाले, मग तसंही लिहा.

प्रयोगशाळेचा निकाल यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस राठोडांच्या सांगण्यावरून मळ्यातून एक पानही बाहेर गेलं नाही. मेथी वाफ्यातच फुलावर आली. उकंडराव बागेत जायचे, बसायचे, यायचे. पंचफुला त्यांना दुरून बघायची आणि घरात यायची. एकदा तिला स्वप्न पडलं की तिच्या बोटांनाच गाठी आल्यात. दुपारच्या डुलकीतून ती ओरडत उठली आणि रुचिकानं तिचे हात आपल्या हातांत धरून ठेवले.

निकाल आला. सूत्रकृमी. फायलोक्सेरा नाही. उकंडरावांच्या दोन ओळींत तेच, औषधपाण्यानं आवरता येण्यासारखं. काड्यांवरच्या विषाणूंची तपासणी मात्र अजून व्हायची होती, आणि बाग वर्षभर नजरेखाली राहणार होती.

पाचही वेली उपटून, मुळाचा केसही मागे न ठेवता, राठोडांसमोर जाळल्या. ओल्या होत्या, धूर फार झाला. मारोतराव म्हणाले, ती बाटलीही टाक यात. रुचिकानं आईकडे पाहिलं. "बाटलीत कीड नसते," पंचफुला म्हणाली. अर्धी बाटली फडताळातच राहिली.

रुचिकावर खटला झाला नाही, पण नोटीस आली, आणि तिनं कंपनीला स्वतःहून सांगितलं. नोकरी राहिली. बाहेरदेशी जायच्या यादीतून नाव कापलं गेलं, बागेतल्या कामातूनही. आता ती फक्त टाक्यांपाशी असते. महिनाभर ती आईशी फोनवर तुटक बोलत होती. मग एक दिवस नेहमीसारखी बोलली. तेनेरीफची बातमी विचारली तर म्हणाली, शोध चालूच आहे, म्हातारीकडून काही कळलं नाही.

ऑक्टोबरात उकंडरावांनी छाटणी काढली. पंचफुलाला बोलावणं नव्हतं. पण सहाशे वेली तिच्या हातच्या होत्या, घरात बसवेना. ती आपली कात्री गरम पाण्यात उकळून, फडक्यात बांधून बागेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. आत पाऊल टाकायचं धाडस होईना. उकंडराव ओळीत वाकलेले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी वर पाहिलं.

फाटकाशी एक पत्र्याचं घमेलं ठेवलेलं होतं, त्यात चुन्याचं पांढरं पाणी.

"आंदी पाय बुडवा," ते म्हणाले. "चपला तिकडेच राहू द्या."

पंचफुलानं चपला काढल्या, लुगडं वर खोचलं आणि पाय घमेल्यात ठेवले. पाणी गार होतं. ती तिथेच उभी राहिली, हवं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ, ते म्हणेपर्यंत.

"पुरे झालं, वयनी. या."